उलट हाताचं दार

दोन्ही दारांची नाकं एकाच बाजूला होती. कुंदा कारखान्याच्या फाटकातून आत आली, समोरच्या भिंतीला टेकवलेली ती दोन दारं तिनं पाहिली आणि तिथल्या तिथे थबकली. काल संध्याकाळी दिलेला तांबडा रंग अजून पुरता वाळला नव्हता. हिरामण फोरमन अंगात धुतलेला सदरा घालून, हातात नारळ घेऊन उभा होता. "या कुंदाबाय," तो म्हणाला, "तुमचीच वाट बगत व्हतो. कशी झालीत सांगा. न्हवरीसारखी दिसतात का नाय?" कुंदा म्हणाली, "छान झालीत हो." पण तिची नजर नाकांवरून हलेना. लोखंडाच्या पत्र्याला पुढच्या कडेला जो जाड गोल दांडा जोडला होता त्याला सगळे नाक म्हणत. पाण्यात आधी घुसायचं ते नाक. तर दोन्ही दारं पोट, म्हणजे बाकाची फुगीर बाजू, आपल्याकडे करून उभी होती, आणि दोन्हींची नाकं डावीकडे होती. एकाचं डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे हवं होतं. हिरामणला ते दिसत नव्हतं, रंगाऱ्याला दिसत नव्हतं, मोरिवलीहून मुद्दाम दारं बघायला आलेल्या हिरामणच्या भाऊबंदांना तर दिसण्याचं कारणच नव्हतं. ते आपले पोलादावर टिचकी मारून बघत होते. दुपारी लॉरी येणार होती, आणि उद्या ही दारं ससून डॉकवर बोटीत चढणार होती.

दार म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. त्याला बिजागरी नव्हती, चौकट नव्हती आणि ते कुठल्या घराला लागणार नव्हतं. माणसापेक्षा उंच, अरुंद, आडव्या अंगानं बाक दिलेला पोलादी पत्रा तो. बोट पुढे चालली, मागे जाळं सोडलं, की जाळ्याचं तोंड मिटतं. म्हणून जाळ्याच्या दोन बाजूंना दोन तारांवर ही दोन दारं बांधायची. पाणी पोटावरून वाहतं, एकाला डावीकडे ओढतं, दुसऱ्याला उजवीकडे, आणि मधलं जाळं आ वासून उघडं राहतं. आजवर अशी दारं लाकडाची, सपाट, जड असत, समुद्राच्या तळाशी घासत जात आणि निम्मं डिझेल त्यांनाच ओढण्यात जाई. कारखान्याच्या नकाशांचं काम बघणाऱ्या गुप्तेसाहेबांचं दार तळाला शिवणारच नव्हतं. बांगडा, तारली तळाशी कुठे असतात? ते मधल्या पाण्यातून झुंडीनं जातात. म्हणून मधल्या पाण्यात उभं राहील, हलकं चालेल, लहानशी बोटसुद्धा ओढू शकेल असं दार. दोन वर्षं साहेब तेवढंच काढत आणि खोडत होते. अंबरनाथमधले लोक म्हणत, घ्या, जमिनीवर कपाटं करून पोट भरत नाही, आता पाण्यात दारं लावतात!

एकाच हाताची दोन दारं बोटीमागे बांधली तर काय होईल हे कुंदाला लख्ख दिसत होतं. दोन्ही एकाच बाजूला पळतील. एक बाहेर जाईल, दुसरं जाळ्यावरच चालून येईल, तारा एकमेकींत अडकतील, जाळं पिळवटेल. बोटीवरचे खलाशी हसतील. आणि साहेब डेकवर उभे असतील, हात मागे बांधून, त्यांच्या सवयीप्रमाणे, काही न बोलता. त्या न बोलण्याचीच तिला भीती वाटली. ती जिना चढून वर नकाशांच्या खोलीत गेली, कपाटातून आपणच शाईनं उतरवलेला मूळ नकाशा काढला, टेबलावर पसरला आणि न बघताच तिला कळलं की चूक कुठे असणार. तरी तिनं बघितलं. तळाच्या ओळीचा डावा अर्धा भाग कोरा होता.

कुंदा डावखुरी. उजव्यानं ती जेवायला शिकली, अक्षर गिरवायला शिकली, प्रसाद घ्यायला तर आधी शिकली, कारण डावा हात पुढे आला की वेणूबाई आत्या त्यावर पळी मारायची. एक उन्हाळा तर आत्यानं तिचा डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीनं कमरेशी बांधून ठेवला होता. वडील बदलापूरच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर. बहिणीपुढे त्यांचं काही चालत नसे. पण आत्या देवळात गेली की ते गाठ सोडत आणि हळूच म्हणत, "लिही उजव्यानं, काढ डाव्यानं." तेव्हापासून तिची कामं अशी वाटली गेली होती, आणि आजही कुणी एकदम विचारलं की उजवं कुठलं, तर तिला आधी घास आठवावा लागे. नकाशाच्या कापडावर शाईनं उतरवून घेणं हे काढण्याचं काम, ते डाव्याचं. त्यात एक पंचाईत होती. डावीकडून अक्षरं लिहीत गेलं की हात ओल्या शाईवरून फिरतो आणि सगळं फरफटतं. म्हणून ती ओळ उलटी लिहायची. शेवटचं अक्षर आधी, मग त्याच्या अलीकडचं, असं करत करत शेवटी पहिलं. इंग्रजी अक्षरं अशी मागून पुढे लिहिताना बघायला पहिल्या दिवशी सगळं ऑफिस गोळा झालं होतं.

ती तळओळ अशी होती: एक उलट हाताचं, एक दाखवल्याप्रमाणे. दार एकच काढायचं आणि आरशात दिसावं तशा उलट्या दुसऱ्यासाठी एवढी ओळ लिहायची हीच सगळ्या कारखान्यांची रीत. तिनं शेवटापासून सुरुवात केली. 'दाखवल्याप्रमाणे' झालं. आणि तेवढ्यात श्रीपाददादाचा निरोप आला की आज लवकर ये, डोंबिवलीचे लोक तुला बघायला येतायत. तिनं दौतीला बूच लावलं. घरी मीनलवहिनीनं तिच्या बोटांची शाई लिंबानं घासून काढली, काढता काढता म्हणाली, "आणि वन्सं, कप उजव्या हातानं द्या हं, बाई." कप तिनं उजव्यानंच दिला. पण बशीत सांडलेला चहा पुसायला कुठला हात पुढे झाला ते मुलाच्या आईनं पाहिलंच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती तेच चघळत बसली, त्या बाईचं ते पाहणं, आणि नकाशा पुरा झाला असं समजून तिनं तो साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी सही केली. वर कोपऱ्यात 'नग दोन' लिहिलेलं होतंच. हिरामणनं वाचलं ते केलं. दाखवल्याप्रमाणे, दोन.

कारण काहीही असलं तरी ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बाईमाणसाला नकाशाच्या खोलीत घेतलं तेव्हा नाकं मुरडणारे होतेच. ते आता म्हणतील, आम्ही सांगत नव्हतो? बघायला आले म्हणून पळाली आणि दारं बिघडवली! गप्प बसावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. सही साहेबांची होती, काम हिरामणचं होतं, तिचं नाव कुठेच नव्हतं. तिला आपल्याच मनाची शिसारी आली. तिनं मान वर केली तर समोर दिवा होता. टेबलाच्या उजव्या बाजूला, भिंतीत खिळे ठोकून, वायर फिरवून लावलेला दिवा. सगळ्या ऑफिसात दिवे डावीकडे, उजव्या हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून. ती नोकरीसाठी भेटायला आली, साहेबांनी पेन दिलं, तिनं डाव्या हातात घेतलं आणि चटका बसल्यासारखं उजव्यात घेतलं. साहेब म्हणाले, "राहू दे, राहू दे. दिवा कुठे लावू तेवढं सांगा." बस. कधी विषय नाही, कौतुक नाही, कीव नाही. सव्वीस वर्षांत असं कुणीच विचारलं नव्हतं. वडिलांनीसुद्धा नाही, ते बिचारे गाठ सोडायचे आणि आत्या यायच्या आत पुन्हा बांधायचे.

आणि तो नदीवरचा रविवार. ती बदलापूरला उल्हास नदीवर गोधड्या धुवायला गेली होती, तर पलीकडे गुडघाभर पाण्यात विजार दुमडून गुप्तेसाहेब! हातात दोन दोरे, दोऱ्यांना वाकवलेले डब्याचे पत्रे. ते प्रवाहात उभे राहिले की पत्रे आपोआप एकमेकांपासून लांब सरकत. साहेब दोरे जवळ आणायचे, पत्रे पुन्हा लांब. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, रखमाबाई तर म्हणाली, "काय वो बाय, तुमच्या सायबाला पोरंबाळं नायत का? पतंग उडवायचा तर वर उडवावा." कुंदा हसली नाही. ती नुसती बघत राहिली. साहेबांनी तिला पाहिलं आणि तिथूनच ओरडले, "कुंदाबाई, पाण्याला काही करायला लावावं लागत नाही! आपण फक्त थोडं तिरकं उभं राहायचं, की ते आपलं काम करतं!" चाळिशी उलटलेला, टक्कल पडायला लागलेला, मासा म्हटला की तोंडाला पाणी सुटणारा सीकेपी माणूस, आणि चेहऱ्यावर आनंद असा की तिला वाटलं, आपण आजवर कुणाला खरोखर काम करताना पाहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून त्या पत्र्याचा बाक ती उतरवायची तेव्हा तिला बोटांत पाणी लागल्यासारखं वाटे. हे प्रेमबीम होतं का, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं होतं. नव्हतं. प्रेम कसं असतं ते तिला ठाऊक नव्हतं, पण ते याच्याहून लहान असावं असं वाटे.

ती उठली आणि खाली गेली. साहेब तेवढ्यात आले होते. दारांपासून दहा पावलांवर उभे राहून ते हिरामणला म्हणत होते, "वा! बाक काय उतरलाय हो हिरामण, केसाचा फरक नाही." कुंदा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "साहेब," ती म्हणाली, "दोन्ही डावीच झालीत." तिचाच आवाज तिला परका वाटला. "ती ओळ मी अर्धीच लिहिली. उलट हाताचं राहिलं. हिरामणची काही चूक नाही."

हिरामणनं नारळ खाली ठेवला. साहेबांनी दारांकडे पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि हात मागे बांधले. झालं, कुंदाला वाटलं, हेच ते न बोलणं. पलीकडे कुणीतरी पत्रा कापत होतं, त्याचा आवाज दातांत घुसत होता. साहेब पुढे गेले, दुसऱ्या दाराच्या खालच्या टोकाला जो जाड लोखंडी बूट होता त्यावर त्यांनी पायानं टकटक केलं. मग वर पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं. "हिरामण," ते म्हणाले, "साखळी लावा. हे दार उलटं करा."

"उलटं म्हंजे?"

"पाय वर, डोकं खाली. पोट असंच आपल्याकडे राहू दे."

साखळीची कप्पी किरकिरली, दार जमिनीवरून उचललं गेलं, हवेत हळूहळू फिरलं, चार माणसांनी हात लावून ते पुन्हा भिंतीला टेकवलं. बूट वर गेला. नाक उजवीकडे आलं. आता दोन्ही दारांची नाकं विरुद्ध बाजूंना होती, अगदी जशी असायला हवीत तशी. हिरामण म्हणाला, "आयला! सायब, पन बूट डोसक्यावर गेला की!"

आणि साहेब हसायला लागले. आधी नाकातून, मग छातीतून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो, बूट घातलाच कशाला मी? तळाशी जायचंच नाही, मग बूट कशाला? जुन्या दारांना होता म्हणून यालाही घातला, दुसरं काय! याला उभं राहायला फक्त खाली थोडं वजन हवं. ते बोल्टनं लावा, ज्या टोकाला हवं त्या टोकाला. वरपासून खालपर्यंत बाक एकच आहे, मग वर कुठलं आणि खाली कुठलं?" ते कुंदाकडे वळले. चेहरा नदीवरच्या रविवारसारखा झाला होता. "कुंदाबाई, दोन वर्षं मी दोन दारं काढत होतो हो. दार एकच आहे! एक साचा, एक नकाशा. बोटीवर एक जास्तीचं ठेवलं की डावं मोडलं तरी तेच, उजवं मोडलं तरी तेच." कुंदाला हसावं की रडावं ते कळेना. तिला फक्त एवढं कळलं की चुकीकडे असंही बघता येतं. तिच्या घरात चूक झाली की आधी कुणाची ते ठरायचं, आणि ते ठरेपर्यंत चूक काय होती हे सगळे विसरून जायचे.

टहलरामशेठ तासाभरानं उल्हासनगरहून आले तेव्हा बूट कापून काढायचं काम चाललं होतं. कारखाना त्यांचा. कराचीत त्यांच्या मालकीचे मासेमारीचे दोन मचवे होते, फाळणीत इथे येऊन निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत त्यांनी पत्र्याचे डबे ठोकण्यापासून सुरुवात केली होती, आणि दर्यावर अजून जीव होता म्हणूनच त्यांनी या दारांना पैसा घातला होता. "गुप्तेसाब, ये क्या? बनाया हुआ काटते हो? ग़लती किसकी है?"

"सही माझी आहे, शेठ."

"सही तो देखी मैंने. ग़लती पूछता हूँ."

"तपासून सही करतो त्याचीच चूक असते. नाहीतर सही कशाला घेता?" साहेब शांतपणे म्हणाले.

शेठनी कुंदाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. "साईं, मेरी भी सुनो. दर्या से मुँह लटका के आए, तो ऊपर का ये कमरा बंद. नक़्शा-वक़्शा सब बंद. फिर सिर्फ़ कपाट बनेगा." ते चिडून बोलले नव्हते, आपला हिशेब सांगितला होता. लॉरी भरली गेली. ओढायची तार जिथे अडकते ती कडी दाराच्या मध्याच्या चार बोटं वर असते; दार उलटं केल्यामुळे एकाची ती चार बोटं खाली गेली होती. ती हलवायला वेळ नव्हता. "जाऊ दे, तसंच नेऊ, काय होतं ते कळेल," साहेब म्हणाले आणि ड्रायव्हरशेजारी चढले. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "कुंदाबाई, आल्यावर आपल्याला बोलायचंय." लॉरी गेली.

आल्यावर बोलायचंय! पुढचे दहा-बारा दिवस कुंदानं त्या वाक्यावर काढले. शेठपुढे पाठीशी घातलं हे साहेबांचं मोठेपण. पण माणसानं आपल्या खोलीत अर्धवट ओळी लिहिणारी बाई का ठेवून घ्यावी? तिनं दौती धुतल्या, निबं पुसून डबीत ठेवली, टाचण्या वेगळ्या केल्या. घरी डोंबिवलीहून नकार आला. कारण पत्रिकेचं सांगितलं, पण श्रीपाददादा आत जाऊन मीनलवहिनीशी हळू आवाजात बोलला तेव्हा 'हात' हा शब्द तिनं ऐकला. तिला वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटलं नाही म्हणून भीती वाटली. खोली बंद झाली तर पुन्हा ते पोहे, तो चहा, लिंबानं घासलेली बोटं. जगात बसायला एकच जागा अशी होती जिथे ती वेडीवाकडी नव्हती, आणि ती जागा आता कुठल्या तरी बोटीमागे पाण्यातून ओढली जात होती. रात्री वहिनी दिवा मालवायची तेव्हा कुंदाला अंधारात ती ताणलेली तार दिसायची. उघड, बाई, उघड एकदाचं ते तोंड, ती त्या न पाहिलेल्या जाळ्याला म्हणायची.

साहेब आले ते दुपारी. नाकाची कातडी सोललेली, डोळे लाल, अंगाला माशांचा वास. सरळ जिना चढून वर आले आणि तिच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले. "उघडलं!" ते म्हणाले. "कुंदाबाई, काय सांगू! पहिल्यांदा तारा सरळ मागे गेल्या, आणि मग दोन्ही हळूहळू लांब लांब जायला लागल्या. कोणी ओढत नव्हतं हो त्यांना. बोट चालवणारा तांडेल म्हातारा वेसाव्याचा, पहिल्यापासून थट्टा करत होता. तो तार हातानं चाचपून बघायला लागला. मासा म्हणाल तर चार टोपल्याच आला, बांगडा. पण इंजिन कुरकुरलं नाही. शेठ डॉकवरच होते. कपाटाचं नाव काढलं नाही. आणखी तीन जोड्या करा म्हणाले."

कुंदानं निबांची डबी त्यांच्याकडे सरकवली. "तुम्ही आल्यावर बोलायचं म्हणाला होतात," ती म्हणाली. "माझ्या चुकीबद्दल. मी सगळं आवरून ठेवलंय."

साहेबांनी डबीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर खरोखरच आठी पडली. "चूक? कुठली चूक?" ते म्हणाले. आणि उत्तराची वाट न बघता डबी बाजूला सारून त्यांनी पेन्सिल घेतली, तिच्या टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. "बोलायचं होतं ते कडीबद्दल. ते उलटं केलेलं दार, बोट मंद झाली की कुशीवर पडतं. कडी मध्याच्या खाली गेली ना, म्हणून. आता त्या दाराची कडी वर घ्यायला हवी." आणि ते भराभर दार काढायला लागले. एक काढलं, आणि त्याच्या शेजारी दुसरं काढायला घेतलं, वेगळ्या कडीचं.

कुंदा बघत होती. तो माणूस खरंच विसरला होता. ती बारा दिवस जळली होती आणि यांच्या डोक्यात तेवढ्या वेळात फक्त चार बोटांची कडी होती! तिच्या आत इतक्या दिवसांचं काहीतरी सैल झालं, इतकं की तिला संकोच करायचं भानच उरलं नाही. "पण साहेब," ती म्हणाली, "असं केलं तर पुन्हा दोन दारं झाली."

साहेबांची पेन्सिल थांबली.

"दार एकच आहे म्हणालात ना तुम्ही?" तिनं आपली पेन्सिल उचलली. आजवर तिनं त्यांच्या रेघांवरून फक्त शाई फिरवली होती. एक रेघ स्वतःची मारली नव्हती. पहिल्या दाराच्या मध्यावर तिनं एक बारीक आडवी रेघ ओढली, रेघेच्या चार बोटं वर एक भोक काढलं, चार बोटं खाली एक भोक काढलं. "कडी बोल्टनं लावायची. वजनासारखीच. दार कसंही धरलं तरी एक भोक वर असणारच." आणि शेजारचं दुसरं दार, साहेबांनी नुकतंच काढायला घेतलेलं, तिनं सरळ फुली मारून टाकलं.

फुली मारल्यावर तिला भान आलं. साहेबांच्या नकाशावर फुली! ती घाईघाईनं खोडरबराकडे वळली. पण त्याआधीच साहेबांनी ते उचललं होतं. कागदावरच्या त्या दोन भोकांकडे बघत बघत त्यांनी ते आपल्या खिशात टाकलं, स्टूल आणखी पुढे ओढलं आणि म्हणाले, "हं. पुढे?"